नर नसताना धरलेली फळं

वळ गावच्या देवराईतल्या रानजायफळाच्या मादीला यंदा फळं धरली, आणि तुळशीराम तिकडं फिरकेनासा झाला.

या बारमाही हिरव्या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. नराशिवाय फळ नाही. आणि इथला एकुलता एक नर चार वर्षांपूर्वी गोदामाच्या रस्त्यात गेलेला. तोडल्यावर दोन दिवस बुंध्यातून लाल चीक वाहत होता. पुतणी रंजिता झाडांचंच शिकलेली. तिनं वज्रेश्वरीपर्यंतचं रान पिंजून काढलं, पण दुसरा नर म्हणून सापडला नाही. मग ही फळं आली कुठून? शिवाय नर उभा होता तिथं, गोदामाच्या गेटावर, हल्ली भर दुपारी त्याच्या फुलांचा वास यायचा. तिथं वॉचमन तुळशीरामच. ट्रकवाले विचारायचे, "चाचा, इत्तर लगाया क्या?"

"काका, रानातनं ही जात संपत आली," रंजिता म्हणाली. "ह्या बिया मिळाल्या तरच जगंल."

पण देवराईतलं पानसुद्धा कौलाशिवाय कुणी उचलत नाही, आणि कौल लावायचा मान तुळशीरामाच्या घराचा. देवाच्या दगडावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

त्यानं लावल्या. गाव बसून राहिलं. ऊन डोक्यावर आलं, पाकळ्या वाळून चुरमडल्या, तरी एकही पडेना. वारा म्हणून नव्हता आणि त्या मादीची पानं मात्र सळसळत होती. गेटावरचा वास आता इथवर आला होता.

तुळशीराम गावाकडे तोंड करेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! शेवटी तो वळला.

"नर तोडायचा कौल देवाचा न्हवता," तो म्हणाला. "उजवी पाकळी मीच कोरडी लावली व्हती. लगेच पडावी, अन् गेटावरची ही ड्युटी मिळावी म्हून."

कुणी तोंड उघडायच्या आत उजवी पाकळी गळून पडली.

गावानं त्याचा मान काढून घेतला, ते बरंच केलं. नोकरी त्यानं आपणहून सोडली. रंजितानं बिया रुजवल्या, नऊ रोपं तरारली, आणि तुळशीराम रोज पाणी घालू लागला. परवा न राहवून त्यानं विचारलंच, "यातला नर कंचा गं?"

"फुलल्याबिगर न्हाय कळत, काका. धा-पंधरा वर्सं तरी."

तुळशीरामाला अडुसष्टावं लागलेलं. "बरं," म्हणाला, आणि राहिलेल्या रोपांना पाणी घालायला उठला.