फळीवरची प्रयागबाई

डाळिंब कुठल्याही बाजूनं बघा, डाळिंबच दिसतं.

इंदापुरातलं झेरॉक्सचं मशीन माणसाच्या तोंडाचा कोळसा करतं.

एडक्याची ढुशी. आंब्याची फळी.

"ही तुझी आय न्हवं."

हे शेवटचं वाक्य रावजीचं. बारामतीच्या जनावरांच्या प्रदर्शनात मेंढी धरून उभ्या राहिलेल्या त्याच्या बायकोचा, प्रयागबाईचा, फोटो कुठल्याशा साप्ताहिकात आला होता. पुढं वर्षभरात ती गेली. दुसरा फोटो नव्हता. लेक नकोशी तेव्हा रांगत होती. आई म्हणजे तिला एवढं कात्रण. रावजी ते हातात घेई, बघे आणि परत देई. ही न्हवं. काय चुकतंय ते त्याला सांगता येत नसे. त्याच्या गावी, वरकुट्यात, लोक म्हणत, त्याला दुःख सोसत नाही. नकोशीला वाटे, याला आई आवडतच नसावी. मग आपण तरी त्याला कुठल्या आवडणार?

शहाण्णव साली कात्रण घडीवर उसवायला लागलं.

नकोशीचा नवरा जोतीराम निमगाव केतकीत सुतारकाम करी. बारामतीच्या एका पाट्या रंगवणाऱ्याकडं त्यानं एक करामत पाहिली होती. छापलेलं चित्र फळीवर फेव्हिकॉलनं पालथं चिकटवायचं, वाळवायचं, मग ओल्या बोटानं पाठचा कागद चोळून काढायचा. कागद जातो, शाई लाकडात राहते.

"आन् न्हाय राहिली तर?"

"तर मला घराबाहेर काढ."

"घर तुमच्या आयचं हाय. मी कुठनं काढणार?"

त्यानं आधी औषधाच्या जाहिरातीतलं डाळिंब फळीवर उतरवून दाखवलं. लाकडाच्या रेषा डाळिंबाच्या सालीतून धावत होत्या, जणू ते त्या फळीतच पिकलं होतं. नकोशी त्यावरून हात फिरवत राहिली. मग पदराच्या गाठीतलं कात्रण सोडून तिनं त्याच्या हातात दिलं.

बाजारच्या दिवशी रावजी आला. कात्रण पालथं चिकटवलेली आंब्याची दुसरी फळी उन्हात वाळून खडखडीत झाली होती.

"मामा, बसा. आत्ता बघा."

"काय बघू? कोरा कागुद?"

जोतीरामनं ओलं फडकं फिरवलं आणि बोट गोल गोल चालवलं. कागदाच्या बारीक वळ्या निघाल्या. पांढऱ्यातून आधी मेंढीचा कान वर आला. मग हात. मग, तळ्याच्या तळातून कुणी सावकाश वर यावं तसं, तोंड. नकोशीनं श्वास धरला. कात्रणात नुसते छपाईचे ठिपके होते. इथं ठिपक्यांमागं लाकूड होतं, आणि लाकडामुळं गालाला गालाचा रंग आला होता. वळणाऱ्या रेषा कपाळावरून केसांसारख्या गेल्या होत्या. जोतीरामचंही बोट थांबलं. स्टँडातून एसटी निघाली, तिचा आवाज कुणाच्या कानात शिरला नाही.

मग त्यानं खालची ओळ चोळली. फोटोखालचं नाव उमटलं, आणि अक्षरं सगळी उलटी.

जोतीरामचं तोंड उतरलं. डाळिंबावर अक्षर नव्हतं; त्याला कळणार कसं?

"आरशावानी झालं गं," तो म्हणाला. "समदं उलटं आलं."

कात्रणाच्या वळ्या नकोशीच्या पायाशी भिजून पडल्या होत्या. त्या परत कागद होणार नव्हत्या.

रावजी मात्र खाली बसला होता. फळीच्या अगदी जवळ. त्यानं आपल्या डाव्या भुवईला हात लावला, मग फळीवरच्या भुवईला.

"एडक्यानं फोडलेली. ह्याच अंगाला."

"आबा?"

"कागदावर ती दुसऱ्या अंगाला हुती." तो बोटानं खोक चाचपत राहिला. "ही बघ. ही तुझी आय."

जोतीराम उलटी अक्षरं आणि ते तोंड आळीपाळीनं बघत होता. "म्हंजी फोटो छापणाऱ्यानंच उलटा छापला हुता व्हय? आन् आपुन उलट्याचं..."

"गप ऱ्हा जरा," नकोशी म्हणाली.

ती बापाशेजारी बसली. फळी अजून ओली होती, आणि तिघांपैकी कुणालाही ती उन्हात नेववत नव्हती.

प्रदर्शनात फोटो काढणाऱ्याच्या मागं रावजी उभा होता, आणि प्रयागबाईनं भुवईवरचा पदर मागं सारला तो त्यानं सांगितलं म्हणून.