पाळीच्या खोलीचा फ्यूज

मी फ्यूज. पांढऱ्या चिनी मातीचा, मुठीत मावेन एवढा. जास्त बोलायची मला सवय नाही. पण हे बोललं पाहिजे.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या भट्टीतला. पेंढ्यात गुंडाळून बोटीनं मालवण बंदरात उतरलो. पासष्ट साली आमच्या आळीत वीज आली आणि मला भाईंच्या घराच्या पडवीत, लाकडी फळीवर ठोकलं. वीज कचेरीचा सत्यवान तेव्हा घरच्यांना म्हणाला होता, "ह्यो तुटलो म्हणजे तुमी वाचलास."

मला अभिमान वाटला. माझ्या पोटात केसासारखी बारीक तार होती. वीज वाजवीपेक्षा जास्त धावली की ती तार जळायची, मी तुटायचो आणि माणूस वाचायचा. एवढंच माझं काम. ते हलकं नव्हे.

घरात चार बिऱ्हाडं, एकाच कुळातली; त्यातलं एक भाईंचं. मधोमध देवाची खोली. तिची किल्ली पाळीप्रमाणे फिरायची. ज्याची पाळी, त्यानंच वर्षभर पूजा करायची. आंघोळ करून, ओल्या पंच्यानं, अनवाणी आत जायचं. पाळीवाल्यानं सांगितल्याशिवाय इतरांना उंबरठा बंद. त्या वर्षी भाद्रपदात पाळी भाईंकडे आली. त्यांनी समईच्या जागी विजेचा दिवा लावला. तार पितळी देव्हाऱ्याच्या खांबाला गुंडाळली आणि दिवा वर्षभर विझू द्यायचा नाही असा नेम धरला. त्या खोलीची वीज माझ्यातून जायची.

सरत्या पावसात चिऱ्यांची भिंत पाझरू लागली. तारेवरचं रबर उंदरांनी कुरतडलं. मी दोनदा तुटलो. माझा धर्मच तो. भाईंना तो अपशकुन वाटला. त्यांनी माझ्या पोटात जाड तांब्याची तार पिळली.

त्या दिवसापासून मी नावाचा फ्यूज.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी सत्यवान घरोघरच्या तारा तपासत आला. चारही बिऱ्हाडं बघून देवाच्या खोलीपाशी थांबला. कचेरीच्या मराठीत म्हणाला, "ही खोली उघडा. आतल्या तारा बघायच्या आहेत."

"न्हावन येवा," भाई म्हणाले. "ओलेत्यान भितर जावचा. आमची रीत आसा."

सत्यवानाची कचेरीची मराठी तिथेच संपली. "ओल्या अंगान इजेक हात लावू? मग भायर कोण येतलो, मी काय माझा मडा?"

"मी रोज जातंय. माका काय झाला?"

दाराआडून सुगंधा बोलली. ही भाईंची सून. नवरा आगबोटीवर, सासू वारलेली. भाईंचं सगळं तीच बघायची. "मामांनू, देव्हाऱ्याक हात लागलो की तुमच्या हाताक मुंग्यो येतत, तां सांगा त्यांका."

"तो देव जागो आसा," भाई म्हणाले. "तुझ्या माहेरचो निजलेलो. तुका काय कळतला?"

सत्यवानाचा चेहरा उतरला. "भाई, तो देव न्हय, ती वीज. दिवो घटकाभर बंद करतंय नि सुकोच जातंय."

"माझ्या पाळयेत दिवो विझाचो नाय."

सत्यवान 'खोली पाहू दिली नाही' असं लिहून निघाला. पायरीवर माझ्याकडे बोट करून सुगंधाला हळूच म्हणाला, "वयनी, भाई भितर जावच्या आदी ह्यो ओढून काढा. सुक्या हातान."

तिनं दुसऱ्या दिवशी मला ओढलं. भाई अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले आणि तिच्या हातात मी दिसलो. ते ओरडले नाहीत. मला परत जागेवर बसवलं आणि म्हणाले, "पुना हात लावलंस तर धामापूरची वाट धर. झिलाक मी सांगान." धामापूर म्हणजे तिचं माहेर, झील म्हणजे भाईंचा मुलगा, तिचा नवरा.

पाऊस वाढला. भाईंच्या हाताला आधी मुंग्या यायच्या, आता कोपरापर्यंत कळ जायची. ते कौतुकानं सांगायचे, यंदा देव फार जवळ आलाय. माझ्यातून रोज थोडी जास्त वीज भिंतीत आणि जमिनीत मुरत होती. मला ते कळत होतं. तुटता येत नव्हतं. तुटायचं काम माझं होतं, ते त्या पोरीच्या अंगावर आलं.

श्रावणातल्या एका सकाळी भाई विहिरीवर गेले. सुगंधा पडवीत आली. तिनं लुगडं नीटनेटकं नेसलं होतं. पदराला हात कोरडा केला आणि मला ओढलं. मग मला गाठोड्यात घातलं, पायरी उतरली आणि मागे न बघता चालू लागली.

आता मी धामापुरात, तिच्या आईच्या फडताळात आहे. नवऱ्याचं पत्र नाही. गावात बायका तिला विचारतात, "सासऱ्यान घालवल्यान काय गो?" ती कळशी उचलून घराकडे वळते.

मला मात्र वेगळीच धास्ती. माझ्यासारखे मालवणच्या बाजारात ढिगानं मिळतात. भाई, समई लावली असेल तर बरं. नवा आणला असेल तर त्याच्या पोटात बारीक तार घाला. त्याला तुटू द्या.

मालवणची एस्टी थांबली की सुगंधा हातातलं काम टाकून खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येते. उतरणाऱ्यांची तोंडं बघते. अजून कोणी काही बोललेलं नाही. तोवर भाई जिवंत आहेत असं आम्ही धरून चालतो.