डाव्या हाताची कानस

दिवे दुरुस्त करणाऱ्या त्या कारागिराने तीस वर्षांत पहिल्यांदाच आपल्या चोख कामाला शिव्या घातल्या.

समोर टेबलावर दिवा उभा होता. काचेचा गोल पाया, सरळ दांडा, वर दुधी काचेचा अर्धा गोळा. नक्षी नाही, पानं-फुलं नाहीत. जे काही होतं ते उजेडासाठी. शंभरेक वर्षांपूर्वी एका कलाशाळेच्या कार्यशाळेत असे दिवे घडले. वस्तू यंत्रातून निघाल्यासारखी दिसावी, हाताची खूण राहू नये, असा तिथला दंडक. गंमत म्हणजे घडवायचे ते हातानेच, आणि नाव लागायचं मास्तरांचं.

हा दिवा आपल्या आईने घडवला, असं त्याची म्हातारी मालकीण जन्मभर सांगत आली. कोणी मनावर घेतलं नाही. आज अकराला संग्रहालयाचे तज्ज्ञ येणार होते. त्यांना पटलं तर दिव्याखाली आईचं नाव लागणार होतं.

सकाळी म्हातारीने कुठूनसा आईचा फोटो शोधून आणला. आई कामाच्या बाकावर, कानस डाव्या हातात. तो पाहून कारागिराच्या पायाखालची जमीन सरकली. काच धरणाऱ्या पितळी कड्याच्या आत त्याने परवाच उलट्या तिरक्या रेघा पाहिल्या होत्या. काय हा गबाळेपणा, म्हणून त्याने त्या घासून गुळगुळीत केल्या.

अकराला दहा कमी होते. म्हातारी बाहेरच्या खोलीत बसली होती. त्याने पितळेचा एक टाकाऊ तुकडा शिकंज्यात धरला, कानस डाव्या हातात घेतली आणि ओढली. हुबेहूब तशाच रेघा उमटल्या. त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"आईच्या ना या?" म्हातारी मागे येऊन उभी होती. तिने रेघांवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते.

खोटं बोलणं किती सोपं होतं! "नाही बाई. या माझ्या. तिच्या मी घासून टाकल्या."

ती मटकन खुर्चीत बसली. मग त्याचं मनगट घट्ट धरून म्हणाली, "मग काढा परत. होत्या ना तिथे? खोटं थोडंच आहे?"

जिन्यावर बूट वाजले.

"काढा म्हणते ना!"

"माझ्या हाताने नाही होणार, बाई."

तज्ज्ञांनी भिंग लावून कडं पाहिलं. "वा! आत ओरखडाही नाही. पण दिवा कोणी केला, हे यावरून कसं सांगणार?"

म्हातारी भिंतीकडे पाहत राहिली.

"ओरखडे होते," कारागीर म्हणाला. "डावखुऱ्या हाताचे. मी पुसले. लिहून देतो, खाली सही करतो."

"अहो, हे दप्तरी दाखल झालं की तुम्हाला कोण काम देईल? आणि एवढ्यावर नाव लागेलच, असं मी म्हणत नाही."

"नका म्हणू. कागद द्या."

त्याने लिहायला घेतलं. दोन ओळींनंतर पेन थांबलं. दिवा घडवणाऱ्या त्या बाईचं नावच त्याला ठाऊक नव्हतं. कोणी कधी विचारलंच नव्हतं.

"बाई, आईचं पूर्ण नाव सांगा."

म्हातारी उठली, त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि एकेक अक्षर सुटं करून सांगू लागली.