काठोकाठ प्याला

मार्गिलान शहरात हातमागावर रेशीम विणता विणता होलमातची बत्तीस वर्षं गेली. मालकीण झुल्हुमोर त्याच्याच हाताखाली शिकलेली. तिनं सकाळी त्याला चहाला बोलावलं, तेव्हाच त्यानं ओळखलं, आपलं काम गेलं. बाजारात मंदी होती आणि नव्या पोरी त्याच्या निम्म्या पगारात विणत होत्या.

झुल्हुमोरनं मान खाली घालून त्याचा प्याला काठोकाठ भरला. मानाच्या माणसाला तिकडे चहा अर्धाच देतात, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. भरला प्याला म्हणजे प्या आणि निघा.

"येतो, पोरी," तो उठत म्हणाला.

"कुठं? उस्ताद, यापुढं पगार त्या पोरींइतकाच देता येईल, एवढंच सांगायचं होतं. कधीची धीर गोळा करतेय." मग तिची नजर प्याल्याकडे गेली. "अगं बाई! लक्षच नव्हतं माझं." तिनं घाईघाईनं निम्मा चहा किटलीत परत ओतला.

होलमात खाली बसला आणि खदखदून हसला. "पगार अर्धा, चहाही अर्धा! मान फारच वाढवलास की माझा."

"टोमणे नंतर मारा. राहाल ना?"

त्यानं प्याला रिकामा करून पुढं केला.

"ओत. घरी काय सांगायचं, ते किटली संपल्यावर बघू."