लेकीच्या डोक्यावरची शपथ

नांदुऱ्यात नीळकंठरावांच्या घरी त्या रविवारी सकाळीच देवापुढं पाट मांडला होता. सण नव्हता की सत्यनारायण नव्हता. धवलला पुन्हा एकदा शपथ घ्यायला लावायची होती.

नीळकंठराव म्हणजे पंचायत समितीतून निवृत्त झालेले बडे बाबू. धवल त्यांचा एकुलता एक मुलगा, कॉलेजात कारकून. मोबाईलवरच्या पत्त्यांच्या जुगारानं त्याला असं धरलं होतं की जेवतानाही अंगठा चालूच. त्यात झोप येत नाही म्हणून कुठून तरी गोळ्या आणून खायला लागला, आणि त्यांच्यावाचून चालेना. आदल्या दिवशी वरणात मीठ कमी म्हणून यानं ताट भिंतीवर फेकलं आणि घटकाभरानं त्याच भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. एकेकाळी हाच माणूस कुणाला चढ्या आवाजात बोलत नव्हता.

यावर घरात इलाज एकच. तिसरीतल्या आरोहीला न्हाऊ घालून पाटावर बसवायचं, धवलनं तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "पुन्हा खेळलो तर हिच्या जिवाचं बरंवाईट होईल." आपल्याकडं ही रीतच आहे, मंडळी. नशा बापाची, जुगार बापाचा आणि गहाण काय, तर लेकराचं डोकं! कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट शेजारीपाजारी म्हणतात, पोरीवर फार जीव आहे त्याचा, ही शपथ तरी पाळेल.

धवलच्या बायकोला, पद्मजालाही, आजवर वावगं वाटलं नव्हतं. मागच्या खेपेला नारळ तिनंच आणून दिला होता.

आत ती आरोहीची वेणी घालत होती.

"आई, माझी रंगपेटी काजलले देजो." काजल शेजारची, तिच्याच वर्गातली.

"काऊन? नवीच तं आहे."

"आता नाही. मी मेल्यावर."

पद्मजाचा हात थांबला.

"पप्पानं मागची शपथ मोडली न? मंग मी अजून काऊन नाही मेली, आई? मी रोज सकाळी उठली की छातीवर हात ठेवून पाह्यते, धडधड होते का म्हणून."

पद्मजाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. राग नवऱ्याचा आला, सासऱ्यांचा आला, आणि नारळ आणणाऱ्या स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. तिनं लेकीला कुशीत घेतलं, "तुले काई होत नाही" असं बजावून सांगितलं आणि तिला काजलकडं खेळायला पाठवलं. मग बाहेर येऊन देवापुढचा पाट उचलला आणि भिंतीला उभा केला.

"आज शपथ होणार नाही."

"काय म्हणून?" नीळकंठराव गरजले.

"पोरगी मरायची वाट पाहून राह्यली मामाजी. तुमच्या शपथेपायी." आणि आरोही काय बोलली ते तिनं शब्द न शब्द सांगितलं.

धवल पांढराफटक पडला. दुसऱ्या क्षणी त्यानं समोरचा तांब्या उचलून दारावर आपटला. "मीच मरतो मंग! सुटाल सगळे!" असं ओरडून तो खाली बसला आणि हुंदके द्यायला लागला.

"पाहून घे, नाटकं," नीळकंठराव म्हणाले. "मनच कच्चं आहे याचं."

"नाटक आहे का आजार, ते डॉक्टर सांगतीन. उद्या खामगावले जायचं. तुम्ही बी चला मामाजी. शपथ तुम्हीच घालता न?"

एवढ्या वर्षांत ती सासऱ्यांसमोर असं बोलली नव्हती. पद्मजानं घरातल्या गोळ्या शोधून आपल्या ताब्यात घेतल्या आणि तो दिवस, ती रात्र धवलला एकटं सोडलं नाही.

खामगावच्या डॉ. पुष्पांजली मनाच्या आजारांच्या डॉक्टर. त्यांच्यापुढं बसल्याबसल्या नीळकंठरावांनी तोंड उघडलं. "शपथ घेतो अन् मोडतो, डॉक्टर. लाज म्हणून नाही याले."

डॉक्टरांनी धवललाच विचारलं, "शपथ मोडली की काय वाटतं तुम्हाला?"

"पोरीकडं पाहवत नाही. छातीत आग पडते नुसती. मंग मोबाईल घेतला की तेवढ्या वेळ काईच वाटत नाही. त्यानं बी नाही भागलं तं गोळी."

"आणि ताट फेकलंत तेव्हा?"

"फेकल्यावर समजलं, आपण फेकलं म्हणून."

"ऐकलंत काका?" डॉक्टर नीळकंठरावांकडं वळल्या, आणि त्यांचाही आवाज चढला होता. "लाज नाही म्हणता? त्या लाजेनंच तर तो होरपळतो आहे. राग, भीती, लाज आपल्या सगळ्यांच्याच मेंदूत उसळतात. मेंदूचा हा कपाळामागचा भाग त्यांना थांब म्हणतो. बैलाचा कासरा समजा. जुगार, गोळ्या, गांजा, कशाचंही व्यसन लागलं की मेंदूला झटपट सुखाची चटक लागते आणि कासरा ढिला पडत जातो. मग मीठ कमी पडलं तरी ताट उडतं. खेळ बंद केला की जीव कासावीस होतो, तो शांत करायला पुन्हा खेळ. अशा माणसाच्या डोक्यावर तुम्ही लेकीच्या मरणाची भीती ठेवली! ती सोसायची ताकद असती तर तो इथं कशाला आला असता? शपथ मोडली की भीती वाढते, भीती वाढली की तो अजून खेळतो. आगीत रॉकेल ओतलंत तुम्ही."

"म्हणजे याची काई चूकच नाही?" नीळकंठराव उसळले.

"आहे ना! ताट फेकलं ती चूकच, आणि बायको-लेकीनं ते मुळीच सोसू नये. आजार आहे म्हणून माफी नाही. आजार आहे म्हणून इलाज घ्यायचा, आणि तो घेणं ही याची जबाबदारी. मेंदू सावरतो, पण वेळ लागतो. मधे एखादवेळी पाय घसरेलही. गोळ्या माझ्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायच्या, मोबाईल घरच्यांकडं द्यायचा, इथं येऊन बोलायचं. तुम्हाला देवाजवळ मागायचं तर खुशाल हात जोडा. त्या पोरीला मधे घालू नका."

परतीच्या बसमध्ये नीळकंठराव खिडकीकडं तोंड करून बसले. राग उतरला नव्हता. डॉक्टरांचा होता, सुनेचा होता. मलकापूर रोडला लागल्यावर ते एकदम म्हणाले, "रोज छातीवर हात ठेवून पाह्यते म्हणली?"

"हाव, मामाजी."

नांदुऱ्याला उतरल्यावर ते सगळ्यांच्या पुढं झपाझप घराकडं चालू लागले.

आरोही ओसरीवर बसली होती. नीळकंठराव तिच्याशेजारी खालीच बसले.

"आरोही, ती शपथ खोटी आहे बाळा. कोणाच्या शपथेनं कोणी मरत नाही. आजोबानं चुकीचं सांगितलं तुले."

"खरं? मंग घ्या माझी शपथ."

सवयीनं त्यांचा हात तिच्या डोक्याकडं गेला आणि मधेच थांबला. कचेरीत ज्यांच्या आवाजाला माणसं चळचळा कापत, ते नीळकंठराव नातीसमोर ढसाढसा रडले. "नाही बाळा. तुह्या डोक्याची शपथ या घरात आता कोणीच घेणार नाही. चुकलो मी."

धवल दुसऱ्या दिवसापासून सुधारला असं सांगितलं तर ती थाप होईल. पोळ्याच्या सुमारास तो पुन्हा खेळला. पण त्या संध्याकाळी तो आपणहून पद्मजाला म्हणाला, "आज खेळलो मी." घरात आरडाओरडा झाला नाही. राग पद्मजाला आला, तो तिनं बोलूनही दाखवला, आणि सकाळी दोघं खामगावच्या बसमध्ये बसले. असं हळूहळू चाललं आहे.

तेव्हा मंडळी, व्यसन लागलेल्याला आणाभाकांनी बांधून ठेवता येत नाही. ज्या मेंदूनं शपथ पाळायची तोच आजारी असतो, त्याला डॉक्टर लागतो. आणि मोठ्यांच्या व्यसनाला जामीन लहान पोरं नसतात. उद्या तुमच्या गल्लीत एखादा बाप लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेताना दिसला, तर त्यांच्या घरचं प्रकरण म्हणून गप्प बसू नका. घरात शिरा, आणि आधी त्या लेकराला तिथून उठवा.