हिरवी ओल

बाईंनी नुसता अंगठा टेकवला, तर भिंतीचा तळहाताएवढा पोपडा सुटून हातात आला.

"काकू, मी महिनाअखेरीस जागा सोडते," भाडेकरू नर्स म्हणाली. निम्मं सामान खोक्यांत भरूनही झालं होतं. "तुमच्यावर राग नाही. पण अंथरूण रोज दमट. ड्यूटीवरून येऊन टेकायचं कुठे?"

दोन वर्षांत सोडून जाणारी ही तिसरी. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेच्या नळ्या धुऊन बाईंनी हा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, म्हातारपणाला आधार म्हणून. दोनदा फरशी उखडली, दोनदा रंग दिला. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "ताई, येईल त्या भावात फुंकून टाक," असं धाकट्या भावाने टुमणं लावलेलं. आणि वरच्या मजल्यावरचे कंत्राटदार? ते तर थेंबभर पाणीही कबूल करायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दोन बाटल्या घेऊन वर गेल्या.

"लाल रंग बाथरूममध्ये ओतते, हिरवा सिंकमध्ये. जो खाली उतरेल, त्याचा पाइप फुटका."

"चाळीस वर्षं इमारती उभ्या केल्यात मी," कंत्राटदार हसले. "बाथरूममध्ये ओता, तुमची हौस फिटू दे. सिंकला हात लावायचा नाही. तिथला पाइप त्या भिंतीकडे जातच नाही."

त्यांची बायको सिंकपाशी भांडी विसळत होती. तिने एकदा वळून पाहिलं. बाईंनी लाल रंग ओतला. निघताना हिरवी बाटली वरच राहिली. जिना उतरल्यावर ते लक्षात आलं, पण पुन्हा टोमणे ऐकायला जायचं त्यांच्या जिवावर आलं.

दिवसभर भिंत नुसतीच पाझरत राहिली. तिसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला.

"काकू, असाल तशा या!"

पलंगाच्या डोक्याशी भिंतीवरून पोपटी धार उतरली होती. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि कंत्राटदारांना खाली बोलावलं. ते आले, पाठोपाठ त्यांची बायकोही.

"बघा!" कंत्राटदारांनी भिंतीवर बोट आपटलं. "तुम्ही ओतला लाल. हा हिरवा. म्हणजे हे पाणी आमचं नाहीच!"



"आपलंच आहे," मागून आवाज आला. बायको पदराला हात पुसत पुढे झाली. "हिरवा मी ओतलाय, सिंकमध्ये. सगळी बाटली." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "सिंकखालचं कपाट ओलं होतंय, म्हणून दोन वर्षं सांगतेय. ऐकतंय कोण!"

कंत्राटदारांनी भिंतीवरचं बोट काढलं. त्याला रंग लागला होता. तो रुमालाने पुसत, प्लंबरचा नंबर शोधायला म्हणून ते जिन्याकडे वळले. बायको मात्र गेली नाही. तिने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

"चहा टाकते," नर्स म्हणाली, आणि थबकली. "पण कप खोक्यात बांधलेत."

"कुठल्या खोक्यात?" म्हणत बाईंनी टेबलावरची कात्री उचलली आणि समोरच्या पहिल्याच खोक्याची चिकटपट्टी सर्रकन कापली.