ग्वेंडाच्या वाटणीची बिअर

नॉरिस ॲपलगार्थच्या हातात तीन भरलेले ग्लास असले की त्याच्या वाटेत कुणी येत नसे. सगळी नोकरी बस चालवण्यात गेलेली. 'फ्लीस' पबमधल्या शनिवारच्या गर्दीतून त्यानं तिन्ही ग्लास थेंबही न सांडता अंगणातल्या बाकापर्यंत आणले आणि एक ग्वेंडापुढे ठेवला.

"घ्या, राणीसरकार. आजची पहिली."

ग्वेंडानं फेब्रुवारीपासून दारूला हात लावला नव्हता. नॉरिसला हे ठाऊक नव्हतं आणि शेजारी पाय पसरून बसलेल्या डेस्मंडलाही नव्हतं.

सोडण्याचं कारण काही मोठं नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपल्यावर संध्याकाळी एक ग्लास वाइन, मग दोन, मग मोजायचं कशाला, असं होत गेलं. एके सकाळी रिकाम्या बाटल्या खळखळू नयेत म्हणून टॉवेलात गुंडाळून शेजारणीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकताना ती स्वतःलाच दिसली. तेवढं पुरलं.

अवघड होतं ते सांगणं, आणि ते रेजीमुळे. पूर्वी हे चौघं होते. डॉक्टरांनी रेजीची बिअर बंद केली, तेव्हा त्या उन्हाळ्यातल्या पबफेरीत तो लिंबूसोडा घेऊन बसला आणि नॉरिस दिवसभर त्याला 'पाद्रीबुवा' म्हणत राहिला. रेजीही हसला. पुढच्या उन्हाळ्यात त्याला कुणी बोलावलं नाही. ठरवून नव्हे, राहून गेलं. आता तो बाजारात भेटतो आणि हवेबद्दल बोलतो.

ग्वेंडाचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी कॅनडात होती. दर गुरुवारची या दोघांबरोबरची पबमधली संध्याकाळ, आणि उन्हाळ्यातला हा एक शनिवार, गावातले पब करत करत चर्चमधल्या बिअरच्या जत्रेला पोचायचं, एवढीच तिची माणसं. गुरुवारी ती गाडी घेऊन यायची, चालवायचीय म्हणून नको म्हणायची, त्यामुळे आतापर्यंत निभावलं होतं. आज सगळे पायी होते. आणि हवेबद्दल बोलत उरलेलं आयुष्य काढायची तिची तयारी नव्हती.

नॉरिस कुणाला तरी हाक मारायला वळला. ग्वेंडानं अर्धा ग्लास बाकामागच्या जिरॅनियमच्या कुंडीत रिकामा केला. मान वर केली तर डेस्मंड तिच्याकडेच पाहत होता.

डेस्मंड पन्नास वर्षं प्लंबर होता. पाणी कुठे मुरतंय हे पाहून गप्प राहायची त्याला सवय होती. त्यानं आपला ग्लास संपवला, तिच्यापुढे सरकवला, आणि तिचा उरलेला अर्धा स्वतःकडे ओढला.

"झाडं मरतील," एवढंच पुटपुटला.

पुढच्या पबात तसंच, त्याच्या पुढच्याही. इथे जो तो आपापलं आणत नाही; पाळीपाळीनं एकानं सगळ्यांसाठी आणायचं. त्यामुळे नॉरिसच्या पाळीला ग्वेंडाची बिअर डेस्मंड प्यायला. ग्वेंडाच्या पाळीला तिनं नाइलाजानं स्वतःसाठी आणली, तीही तोच प्यायला. स्वतःच्या पाळीला तर त्यानं नॉरिसला संशय नको म्हणून मुद्दाम तिची नेहमीची दाट काळी बिअर आणली आणि मग दुःखी चेहऱ्यानं तीही संपवली. काळी बिअर त्याला मुळीच आवडत नसे.

"बाईसाहेब आज जोरात आहेत," नॉरिस कौतुकानं म्हणाला. "आणि हा बघ, म्हातारा डुलतोय."

"ऊन आहे," डेस्मंड म्हणाला.

ते चर्चमध्ये पोचले तेव्हा बाकं भिंतीला लागली होती. मधोमध बिअरची पिंपं आडवी मांडून ती गार राहावीत म्हणून त्यांवर ओली गोणपाटं टाकली होती, आणि पाद्रीबाई बाह्या सरसावून स्वतः नळाशी उभ्या होत्या. नॉरिसनं तिघांचे ग्लास भरून आणले. नॉरिसची पाठ फिरताच डेस्मंडनं ग्वेंडाचा ग्लास उचलला. ग्लास त्याच्या बोटांतून निसटला आणि दगडी फरशीवर फुटला.

"हेऽऽऽ!" सगळ्या चर्चनं एका आवाजात आरोळी ठोकली. ग्लास फुटला की ओरडायचं, मग देवाचं घर का असेना. पाद्रीबाईही ओरडल्या.

एकटा नॉरिस ओरडला नाही. तो फुटलेल्या काचांकडे पाहत होता, मग डेस्मंडच्या हातातल्या दुसऱ्या, भरलेल्या ग्लासाकडे.

"दोन ग्लास कशाला रे तुझ्याकडे? आणि एवढ्यावर तुला कधी चढली नव्हती." त्यानं ग्वेंडाकडे निरखून पाहिलं. "आणि तू एवढी ताजीतवानी कशी?"

डेस्मंडनं तोंड उघडलं. ग्वेंडानं त्याला खुर्चीवर बसवलं. आणखी खोटं बोलायच्या अवस्थेत तो राहिला नव्हता.

"मी सोडलीये," ती म्हणाली. "फेब्रुवारीपासून. माझी सगळी हाच पितोय."

"सगळी?"

"कुंडीतली सोडून," डेस्मंड प्रामाणिकपणे म्हणाला.

नॉरिस ओठ चावत राहिला. "फेब्रुवारीपासून. आणि मला सांगितलं नाहीस."

"तू मला पाद्रीबुवा म्हणाला असतास."

स्वयंसेवक बाई झाडू घेऊन आली, काचा भरून गेली.

"म्हणालो असतो," नॉरिस शेवटी म्हणाला. मग घसा खाकरला. "पाळी कुणाची आहे?"

"माझी."

"मग उभी काय राहिलीस?"

ग्वेंडा रांगेत जाऊन उभी राहिली. वळून पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी वळली. नॉरिस डेस्मंडच्या हातातला ग्लास सोडवून घेऊन त्याला पाणी पाजत होता आणि त्याच वेळी पायानं तिसरी खुर्ची टेबलाशी ओढत होता.

नॉरिससाठी बिअर, डेस्मंडसाठी आणखी पाणी आणि स्वतःसाठी सफरचंदाचा रस घेऊन ती परतली. रस्ताभर थोडा सांडला. बस तिनं कधी चालवली नव्हती. नॉरिसनं न विचारता तिचा ग्लास उचलला, नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि चेहरा वाकडा केला.

"शेळीनं चघळून टाकल्यासारखा आहे. कुणी विकला हा तुला?" त्यानं ग्लास परत तिच्यापुढे ठेवला. "त्या खांबाजवळ एका बाईकडे नाशपातीचा आहे. माझ्या पाळीला तो आणतो."

ग्वेंडानं घोट घेतला. रस तो म्हणाला तितका वाईट नव्हता, पण तिनं वाद घातला नाही.